डाग देणारे हात

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. माझा पडदा तुम्हाला दिसतो, पोट दिसत नाही. पोटात मुंगीच्या डोळ्याएवढे शेकडो डाग आहेत. माणसाला डाग लागला की त्याची बदनामी होते. आम्हाला वितळलेल्या कथलाचा डाग लागला की आमच्यात जीव येतो.

ते डाग मला एका ताईने दिले. कारखान्यात सगळे तिला ताईच म्हणत. झोपलेल्या बाळाच्या गालावरची माशी उडवावी, इतक्या हलक्या हाताने ती थेंब टेकवी. धूर डोळ्यांत जाई. आणि हे सारे उभ्याने, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

त्या दिवशी मात्र ती खुर्चीवर बसली होती. सगळ्याच जणी बसल्या होत्या. शाळांसाठी संगणक घेणाऱ्या सरकारी कचेरीतल्या बाई कारखाना पाहायला यायच्या होत्या.

बाई आल्या. मालक माझा वेग सांगत सुटले. बाईंचे लक्ष खुर्च्यांकडे. एकाही खुर्चीचा प्लॅस्टिकचा कागद निघालेला नव्हता.

"ताई, ही खुर्ची कधी आली?" बाईंनी विचारले.

ताईच्या हातातली तापलेली सळई माझ्यावर तशीच थांबली. खरे बोलावे तर काम जाणार, खोटे बोलावे तर खुर्ची.

"सकाळी आली," ती म्हणाली. "तुम्ही गेलात की तीही जाईल."

"विनोदी आहे हो आमची ताई," मालक हसत म्हणाले.

"मग बाकीच्या हसत का नाहीत?" बाईंनी विचारले.

असला माल मुलांपुढे ठेवणार नाही, खरेदी रद्द, असे सांगून बाई वळल्या. मालकांचा चेहरा उतरला. पण बाईंना अडवले ते ताईने.

"रद्द नका करू, बाई. मग आम्ही घरी बसू, ते बसणं काय कामाचं? खुर्च्या इथंच राहतील, धूर ओढणारा पंखा लागेल, एवढं यांच्याकडून कबूल करून घ्या."

मी थक्क झालो. मला जीव देणारी ताई स्वतःसाठी नुसती बसायची जागा मागत होती!

बाईंनी तशाच अटी घातल्या. ताईला कामावरून काढायचे नाही, हीही एक. न कळवता पुन्हा येईन, असे बजावून, मी जोडून पुरा होताच, त्यांनी नमुना म्हणून मला कचेरीत नेले. तिथे वरिष्ठ कुरकुरले, आपण संगणक घेतोय की खुर्च्या? बाई म्हणाल्या, "साहेब, दिवसभर उभे राहा आणि मग हेच विचारा."

काही आठवड्यांनी बाई कारखान्यातून धुळीने भरलेल्या चपलांनी परत आल्या आणि शेजारच्या कारकुनाला सांगू लागल्या. पंखा घरघरत होता, धूर नव्हता. "आणि खुर्च्या अगदी मळल्यात हो. ताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कामात होत्या." मळलेल्या वस्तूचे इतके कौतुक मी पुन्हा कधी ऐकले नाही. मग माझ्याच कळा दाबून त्यांनी खरेदी मंजूर केली आणि पुढे मीही या शाळेत आलो.

मित्रांनो, आता मी सावकाश चालतो. माझ्यावर धूळ बसते, कुणी वैतागून मला चापट मारते. मला भंगारात टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. एखादा भाग बदलला तर मी अजून चालेन. आणि नवा आणायची वेळ आली, तर तो बनवणारी माणसे कशी राहतात, कशी बसतात, ते विचारून आणा. एवढ्याशा प्रश्नाने लांब कुठेतरी कुणाचे पाय दुखायचे थांबतात. मी पाहिले आहे.