राधानगरीच्या रस्त्यावर मी खाल्लेला मार

मी एक जुना हीटर आहे. मोटारीतला, गार वारा फुंकल्याबद्दल भरपूर मार खाल्लेला. माझा जन्म विलायतेतला. तिथे बर्फ पडायचा म्हणून मला मान होता. मग मोटार हात बदलत कोल्हापूरला, मंगळवार पेठेतल्या आण्णांकडे आली. आण्णा माझ्यावर पानाचा डबा ठेवत. तेवढाच माझा उपयोग.

मित्रांनो, माझ्यात विस्तव नसतो. इंजिनात तापलेलं पाणी पाईपातून माझ्या पोटात येतं आणि पंखा त्याची ऊब आत फुंकतो. पण हे समजून घेण्यापेक्षा पाना उचलणं सोपं असतं.

१९७२च्या श्रावणात आण्णांची लेक शालू राधानगरीला, सासरी, सातव्याच महिन्यात बाळंत झाली आणि आण्णा मोटार घेऊन तिकडे धावले. पोर मुठीएवढी. डॉक्टर म्हणाले, "कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. वाटेत गार पडली तर हाती लागायची नाही." शालूला हलवणं शक्य नव्हतं, म्हणून फक्त पोर घेऊन निघालो. आण्णा मोटार चालवायला, त्यांच्या शेजारी मोटार दुरुस्त करणारे फक्रुद्दीन मिस्त्री, मागे आण्णांची बायको धोंडुबाई आणि तिच्या पदरात पोर.

आण्णांनी माझं बटण दाबलं. मी इमानाने गार वारा सोडला.

"फक्र्या, ह्यो मुडदा गार फुंकतोय!"

मिस्त्रींनी माझ्या कपाळावर पाना घातला. दुसऱ्या घावाला जाळी चेपली. मग वायर उपटली, पुन्हा जोडली. आण्णांनी लाथ झाडली. नेम चुकला आणि ती मिस्त्रींच्या नडगीवर बसली. मोटार थांबली. भर पावसात दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या.

"गाडी तूच बघतोस न्हवं?"

"गाडी हाय व्हय ही? भंगार हाय!"

आण्णांनी मुस्काटात दिली. मिस्त्रींनी परत केली.

"मुडद्यांनो, पोरीचं ओठ निळं पडल्यात!" धोंडुबाई कडाडल्या. पुढे वाकून त्यांनी माझ्या पाईपला हात लावला. "ह्यो पाईपच गार हाय की! आधणच न्हाय, तर वाफ कुठनं येणार?"

मिस्त्रींची मूठ सैल झाली. "आण्णा, थर्मोस्टॅट मीच काढलाय. उन्हाळ्यात गाडी तापत हुती म्हणून."

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे न सोडणारं दार. ते गेल्यापासून पाणी रेडिएटरात जाऊन सारखं गारच होत होतं. मिस्त्रींनी निम्म्या पेठेच्या मोटारींची ती दारं काढली होती आणि पेठेने त्यांचे आभारही मानले होते.

धोंडुबाईंनी अंगावरचं घोंगडं भिरकावलं. "झाका त्या रेडिएटरचं तोंड!"

मिस्त्रींनी निम्मा रेडिएटर झाकून ते करकचून बांधलं. चार मैलांत पाणी तापलं. चेपलेल्या जाळीतून मी गरम वारा सोडला. पोरीने टाचा झाडल्या आणि दवाखान्याच्या दारापर्यंत भोकाड पसरलं. दोघे सुजल्या तोंडाने ऐकत होते.

त्याला अकरा वर्षं झाली; ती पोर आता सहावीत आहे. भांडणात पहिला फटका तिचाच असतो, असं ऐकतो.

तेव्हा मित्रांनो, कुणी गार पडलेला दिसला, तर त्याच्यापर्यंत ऊब पोचते का, ते आधी हात लावून बघा. मारायचं नंतरही जमतं. मी कुठे पळतोय? मला चार स्क्रूंनी आवळलेलं आहे.