शेवटची बाही

मी एक स्वेटर, निळ्या लोकरीचा. इतरांचा जन्म एकदा होतो. मी दर थंडीत जन्मलो आणि दर थंडीत उसवला गेलो.

मला विणणारी एक आई. तिच्या लेकीनं दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं, त्या दिवशी वडील एवढंच म्हणाले, "या घरात तिचा विषय नको." माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. पुढे नात झाली, तेही आईला बाहेरूनच कळलं. तिनं देवापुढे नवस बोलला, नातीसाठी स्वेटर विणीन, पण शेवटची बाही पोर समोर उभी राहील तेव्हाच.

माप कुठून आणायचं? शेजारची चिमी नातीच्याच वयाची. तिच्या पाठीला लावून मला बघायचं. चिमी वाढली की मी आखूड. मग उसवायचं आणि चार टाके जास्त घालून पुन्हा सुरुवात.

"कोणासाठी चाललंय हे?" नवऱ्यानं एकदा विचारलं.

"शेजारच्या चिमीसाठी," ती पटकन बोलून गेली.

नणंद आली की पाय पसरून बसायची. यंदाही तशीच बसली. "वहिनी, दादानं तिचं नाव टाकलं ते बरंच झालं. नाहीतर आमच्या मुलींना कोणी विचारलं असतं? आणि तिची पोर गं, ती कुठल्या देवाचं नाव घेणार?"

"आधी आईचं घेईल. सगळी तेच घेतात." सुया थांबल्या नाहीत, पण त्या ओळीतला एक टाका निसटला. तो अजून माझ्या पोटावर आहे.

यंदा थंडी कडक पडली. नवरा चिमीला हाताला धरून घरातच घेऊन आला. "पोरगी कुडकुडतेय आणि तुझा स्वेटर काही संपत नाही! पुरा कर बघू आता." बोलला तोही मायेनंच.

ती काय सांगणार? चिमीला समोर उभं करून तिनं शेवटची बाही विणली. पोर समोर होती, बाही मापात बसली. फक्त ती नात नव्हती.

परवा आई चिमीच्या घरी आली, शेजारणीच्याच फोनवरून लेकीला फोन लावून घेतला. मी चिमीच्या अंगावर, अगदी जवळ.

"पोरीची छाती किती भरते गं? आणि बाहीची लांबी?"

पलीकडून लेक म्हणाली, "आई, बाबांना माहितेय?"

"सांगेन गं, सावकाश..."

"मग नको आई. चोरून आलेलं तिच्या अंगात नाही घालायची मी."

जाताना आईनं माझं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

आज चिमी भिंतीला टेकून पाढे म्हणत होती. भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, चांगला मोठा. "अहो, लोकर आणायला चाललेय. आपल्या नातीसाठी."

मग दाराची कडी वाजली, आणि जिन्यावर तिच्या चपला.

चिमी वाढेल, मी आखूड होईन, त्याचं मला काही नाही. पण त्या गृहस्थांना कोणी एवढं सांगाल का? ती परत येईल तेव्हा फार काही बोलायला नको. नुसतं विचारा म्हणावं, "रंग कुठला आणलास?"