कुंकू पुसून पाठवा

नलिनी अमेरिकेला गेली की सासूच्या, म्हणजे देवकाबाईच्या, पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: सौंसर गावात मान, धाकट्या प्रभाकरला पांढुर्ण्याची वजनदार स्थळं, आणि चुलीवर एकहाती राज्य. तिकीट आलं होतं, निघायला आठ दिवस होते. अशात थोरल्या अरविंदचं, नलिनीच्या नवऱ्याचं, जर्सी सिटीहून पत्र आलं. नलिनीला साडीत पाठवू नका. कुंकू पुसून पाठवा. का, ते एका अक्षरानं नाही.

नवरा जिता असताना बायकोचं कपाळ मोकळं कोणाला हवं असतं? ज्यानं तिकडे दुसरी ठेवली त्यालाच. शेजारच्या वच्छलानं वरून मीठ टाकलं, "गोरी असन वो काकू. लग्नच नाई झालं म्हणून सांगून राहिला असन."

देवकाबाई सुनेला बजावू लागली, कुंकू पुसायचं नाही म्हणजे नाही. नलिनी दोन दिवस ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

तिसऱ्या दिवशी सासू-सून पोस्टात जाऊन बसल्या. सकाळी नोंदवलेला ट्रंककॉल संध्याकाळी लागला.

"कोण हाय रे थे?" देवकाबाई ओरडली.

"कोण, आई?"

"जिच्यापायी कुंकू पुसाले सांगतं!"

मग अरविंद म्हणाला, "इथली पोरं कुंकू पाहून मारून राहिले, आई. आपल्या देशातल्या माणसाले हुडकून हुडकून. माहा हात प्लास्टरात हाय. तुले घोर नको म्हणून नाई लिवलं."

देवकाबाई म्हणाली, "मंग ये वापस! आपला संत्र्याचा बगीचा काय पळून चालला?"

शेजारी कान लावून ऐकणाऱ्या नलिनीनं रिसीव्हर ओढून घेतला. "तिथं आपल्या बाया काय करून राहिल्या?"

"घोळक्यानं निघतात. कामावरून आणाले आम्ही पाळीपाळीनं जातो. परवा साऱ्यायनं मोर्चा काढला."

"अन् कुंकू?"

"कितीक जणी लावतातच."

"मंग मीबी लावीन. घोळक्यात एक आणखी."

आता देवकाबाईच हात जोडू लागली, "पुस वं माय, माह्यासाठी पुस!" तार करायला आलेले लोक तार विसरून ऐकत होते.

"कालपर्यंत पुसू नको म्हणून कोण भांडून राहिलं होतं, आई?" नलिनी हसली आणि तिनं रिसीव्हर ठेवला.

ठरल्या दिवशी ती ठसठशीत कुंकू लावून नागपूरच्या बसमध्ये बसली. त्या कुंकवाची किंमत म्हणून अरविंदनं मोडलेला हात मोजला, नलिनीनं निर्धास्त चालणं, देवकाबाईनं दर पत्र येईपर्यंतची झोप. मारणाऱ्यांचं काहीच गेलं नाही.