पाच उद्घाटनांचा वॉटर कूलर

मित्रांनो, मी स्टीलचा एक वॉटर कूलर. वय जेमतेम तीन वर्षे, पण माझी उद्घाटने झाली पाच! पाणी मात्र मी कुणाला थेंबभरही पाजले नव्हते.

देवासच्या एका कारखान्याने समाजकार्य म्हणून पाच शाळांना पाच कूलर द्यायचे ठरवले. ते काम कारखान्यातल्या गोपाळरावांकडे होते. "बाकीचे चार मागाहून घेऊ," असे म्हणत त्यांनी मला एकट्यालाच टेम्पोत घालून पाचही शाळांत फिरवले. फीत कापायची, फोटो काढायचा, की मी पुन्हा टेम्पोत. दरवेळी पूजा होई आणि माझ्या नळाला लाल दोरा बांधला जाई. पूजेचा दोरा तोडणार कोण?

शेवटी उदयनगरजवळच्या शाळेत मुख्याध्यापिका जयवंतीबाईंच्या खोलीत मी विसावलो. नळजोडणी नव्हतीच. बाईंनी माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली. खिडकीतून मुली लांबच्या हातपंपाकडे जाताना दिसत आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

मग कारखान्याच्या विदेशी गिऱ्हाइकांचे नियम बदलले. नुसते फोटो चालेनात. त्यांनी किमयाताईंना तपासणीला पाठवले. त्यांचा शेरा वाईट आला, तर कारखान्याचा माल परदेशी जाणार नव्हता.

"मॅडम, ये देखिए, पाच शाळांचे पाच फोटो," गोपाळराव म्हणाले.

"फोटो राहू द्या. मला पाणी प्यायचंय," म्हणत ताईंनी नळाला हात घातला. नळ फिरेना. "हे एवढे दोरे कसले?"

"पूजेचे हो!" भोळ्या जयवंतीबाई कौतुकाने दाखवू लागल्या. "टेम्पोवाल्या भैयानं सगळं सांगितलंय मला. हा निसरपूरचा, हा कुक्षीचा, हा बागलीचा, हा सोनकच्छचा. आणि हा आमचा!"

गोपाळरावांनी फोटो घाईघाईने खिशात कोंबले. "बाई, जरा पाणी मिळेल का?"

"मिळेल की. पोरी हातपंपावर गेल्यात. अर्धा तास बसा."

ताईंना हसू आवरेना, पण शेरा त्यांनी लिहिलाच. कारखान्याला एक महिन्याची मुदत मिळाली. चार शाळांत चार नवे कूलर बसले. माझ्यापर्यंतचा पाइप गोपाळरावांनी भर उन्हात उभे राहून टाकून घेतला. जयवंतीबाईंनी पाचही दोरे सोडून तुळशीपाशी ठेवले आणि म्हणाल्या, "पूजा आत्ता पुरी झाली."

मग मी पहिला पेला भरला. खरे सांगतो, मला रडू आले. मित्रांनो, माझी टाकी धूत जा, नळ नीट बंद करा आणि पोटभर पाणी प्या. त्या दिवशी मुलींची अशी झुंबड उडाली, की फोटो काढायचे गोपाळरावांच्याही लक्षात राहिले नाही.