म्हशीच्या खिडक्या

ब्रेकबाई रागावल्या की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. अर्धं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊंच्या शेजारी बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून काढल्यावर दुसरं काय होणार? गावातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनीच शिकवली होती आणि हे नावही त्याच लोकांनी ठेवलं होतं. त्या दिवशी अंगणात उभ्या उभ्या त्यांचा पाय असा काही दाबला गेला की चपलेचा अंगठाच तुटला.

कारण समोरचं गिऱ्हाईक म्हणत होतं, की चाकं काढून टाकू.

गिऱ्हाईक आलं होतं म्हैस बघायला. म्हैस म्हणजे बाईंची जुनी कॅम्पर व्हॅन. काळपट रंगाची, चढावर फुरफुरणारी, मागून कितीही हॉर्न वाजले तरी ढिम्म आपल्याच चालीने चालणारी. मागे पलंग, शेगडी आणि दोन्ही बाजूंना सरकत्या काचांच्या खिडक्या. त्या माणसाला ती चौकात उभी करून आइस्क्रीम विकायचं होतं, म्हणून त्याला चाकं नको होती. आणि त्याला बोलावलं होतं कुणी? तर बाईंच्या एकुलत्या एक लेकाने.

लेक वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर बाईंनी एक घाव दोन तुकडे केले असते. त्याचे बाबा म्हशीतल्याच पलंगावर गेले, एका तळ्याकाठी, झोपेत, खिडकी उघडी ठेवून. तेव्हापासून लेकाने व्हॅनची किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली होती. घरी असते तर बाबा वाचले असते, असं त्याने मनाशी घट्ट धरलं होतं. बाईंना वाटायचं, माणसाला जायचंच असेल तर वाऱ्याच्या झुळकीत जावं, आणि उरलेल्या माणसाने त्या तळ्याकडे पुन्हा जावं. पण हे लेकाला सांगायला गेलं की तो डोळ्यांत पाणी आणायचा, आणि मग बाईंना मूग गिळून बसावं लागायचं.

विकायला त्याला कारण मिळालं ते गळतीचं. मध्यंतरी एकदा बाई हट्टाने म्हशीत झोपल्या. तेव्हा पलंगाजवळच्या खिडकीतून पावसाचं पाणी आत आलं, गादी भिजली, आणि बाई आठवडाभर खोकत बसल्या. खिडक्या दुरुस्त होत नाहीत, या व्हॅनचे भाग आता मिळतच नाहीत, असं लेकाने गॅरेजवाल्याकडूनही वदवून घेतलं. गॅरेजवाल्याने तोडगा सुचवला, की काचा काढून पत्रा ठोकू, कायमची कटकट जाईल.

"पत्रा ठोकायचा तर डबा घेईन की बाजारातून," बाई म्हणाल्या. आणि रागाच्या भरात शब्द देऊन बसल्या: महिनाभरात खिडक्या मी स्वतः दुरुस्त करीन. एक थेंब आत आला तर विक, मी हूं की चूं करणार नाही.

लेक लगेच कबूल झाला. त्याला खात्रीच होती ना.

बाई हट्टाला पेटल्या. आतल्या बाजूचे स्क्रू एकेक करून सोडवले, चौकटीभोवतीचा जुना चिकट थर पात्याने कापला आणि खिडकीची अख्खी चौकट बाहेर काढून अंगणातल्या टेबलावर आडवी केली. काच ज्यात सरकते त्या खाचेतली मखमली पट्टी कुजून काळी पडली होती. तिच्यात शेवाळ होतं, मेलेल्या मुंग्या होत्या, आणि नवऱ्याने कधीतरी हरवलेलं शर्टाचं बटण होतं. बटण त्यांनी पुसून पदराच्या टोकाला बांधलं. नवी पट्टी मापाने आणून चिकटवली, रबर बदललं, आणि काच अडकते म्हटल्यावर खाचेत मेणबत्ती घासली. काच अशी सरकायला लागली, की बाई उगीचच चार वेळा उघडझाप करत बसल्या.

मग चौकट बसवली, बाहेरून पाणी ओतून पाहिलं, आणि आतली गादी पहिल्यापेक्षा जास्त भिजली.

सगळी मेहनत पाण्यात गेली. दुसऱ्यांदा चौकट काढून बसवली, तरी तेच.  लेक नुसता घराच्या खिडकीत उभा राहून प्रेमाने बघत होता, आणि ते बघणं बाईंना टोमण्यापेक्षा झोंबलं. रात्री त्यांना जेवण गेलं नाही. हात टेकायची वेळ आली असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

त्यांची सून दातांची डॉक्टर. मायलेकांच्या भांडणात ती कधी पडत नसे. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून घरी तोंड उघडायची इच्छा उरत नाही, असं म्हणायची. पण त्या रविवारी सासूबाई अंगणात, म्हशीला पुन्हा बसवलेल्या चौकटीसमोर गप्प बसलेल्या दिसल्या, तेव्हा ती कपाळावर दिवा बांधूनच बाहेर आली. खाली वाकून तिने खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. मग चौकटीच्या खालच्या, बाहेरच्या अंगावर बोट ठेवलं.

तिथे काळ्या सिलिकॉनचा एक चपटा ठिपका होता. थोड्या अंतरावर दुसरा, पुढे तिसरा.

"ही भोकं मुद्दाम पाडलेली आहेत, आई," ती म्हणाली. "कीड इतकी गोल आणि एका ओळीत लागत नाही. नंतर कुणीतरी ती भरलीत."

घरातून ती दात कोरायची आकडी घेऊन आली आणि अगदी हलक्या हाताने एक ठिपका उकरला. आतून साचलेलं पाणी पिचकारीसारखं उडालं. काचेवरून ओघळणारं पाणी खाचेत उतरणारच, आणि त्याला बाहेर पडायला ती भोकं होती. ती बंद झाल्यावर खाच भरायची आणि पाणी आत, थेट गादीवर.

दोघींनी उरलेले दोन ठिपकेही उकरून काढले आणि त्यातला एक उजेडात धरला. त्यावर अंगठ्याचा स्पष्ट ठसा होता. ओळखायला वेळ लागला नाही, कारण तो अंगठा घरभर होता. बेसिनखाली, ओट्याच्या कडेला, दाराच्या फटीत. बाबा गेल्यापासून लेकाला कुठे भोक दिसलं की त्याचा हात सिलिकॉनच्या नळीकडे जायचा.

बाईंचा पाय दाबला गेला. मग हळूहळू सैल झाला. राग आला होता, पण त्या वेड्या पोराची कीवही आली होती. सून म्हणाली, सांगायचं नाही, त्यालाच पाणी मारू द्या. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. ही पोरगी इतकी वर्षं गप्प बसून काय काय साठवत होती कोण जाणे.

मुदतीच्या दिवशी गिऱ्हाईकही आलं. बाई कोरडी गादी घालून पलंगावर मांडी ठोकून बसल्या आणि खिडकी लावून घेतली. लेकाने बागेची नळी घेतली. आधी बिचकत, मग सोक्षमोक्षच लावायचा म्हणून त्याने काचेवर पाण्याचा झोत धरला. असा पाऊस कुठल्या आभाळातून पडत नाही. काचेआड बाई त्याच्याकडे टक लावून बसल्या होत्या.

आत थेंब आला नाही. तीन भोकांतून तीन धारा निघाल्या आणि पडल्या त्या लेकाच्या बुटांवर.

त्याने खाली पाहिलं. वाकून बोट लावलं. नळी हातातून सुटली.

बाईंनी एका बोटाने काच सरकवली.

"आई, ही भोकं मी बुजवली होती."

"ठाऊक आहे. अंगठा तुझाच आहे."

"पाणी आत येऊ नये म्हणून गं."

"पाणी येतंच रे आत. तू त्याला बाहेर जाऊ देत नव्हतास." त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "किल्ली."

"एकटी कशी जाशील?"

"गाडी तुला कुणी शिकवली?"

तो जुडगं काढून ओल्या हातांनी कडीशी झटापट करत राहिला. किल्ली निघाली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. या वेळी बाई मूग गिळून बसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या गालावर हात ठेवला आणि किल्ली घेतली.

इतकी वर्षं उभी राहिलेली म्हैस एका किल्लीत कसली सुरू होते? लेक, सून आणि ते गिऱ्हाईक अशा तिघांनी मागून धक्का मारला. बाई पुढून ओरडून सूचना देत होत्या, कारण लेक लहानपणी ढकलायचा तसाच अजूनही एका बाजूने ढकलत होता. फाटकाशी क्लच सोडताच म्हैस धूर ओकत जागी झाली.

कोपऱ्यापर्यंत नेऊन आणते, असं बाईंनी त्याला सांगितलं होतं. मागे गॅसचा सिलिंडर भरलेला होता आणि बाईंच्या उशाखाली चार लुगडी घडी घातलेली होती, हे एकट्या सुनेला माहीत होतं. लेक रस्त्याच्या मधोमध उभा राहून, म्हैस कधी वळते याची वाट बघत होता.

कोपरा आला. उजवा पाय ब्रेककडे गेला नाही.