दातदुखीची मुलगी

"दातांचे डॉक्टर कुठे बसतात?" मुलीने विचारले. हाच प्रश्न घेऊन ती सलग तिसऱ्या मंगळवारी आली होती.

सिस्टरबाईंनी तिच्या गालाकडे पाहिले. सूज नाही, गालावर हातही नाही. ज्याचा दात खरंच दुखतो तो पत्ता विचारत बसत नाही, कण्हत थेट आत घुसतो. दातांच्या डॉक्टरांच्या दाराला लागूनच बाईंची लैंगिक आजारांच्या तपासणीची खोली होती, आणि निम्मी तरुण पोरं याच दातदुखीच्या बहाण्याने यायची. बाईंचा अंदाज एकदाच चुकला. खऱ्याखुऱ्या दाढवाल्याच्या हातात त्यांनी लघवीची बाटली दिली. तो बिचारा भरून घेऊन आला!

"गर्दी आहे ना आज?" मुलगी कुजबुजली. मागचे दोन्ही मंगळवार ती इथूनच माघारी फिरली होती.

"माझ्या खोलीत कोणी नाही. ये. नाव सांगायचं नाही, नंबर देते."

हा नियम बाईंचा स्वतःचा. नोकरीत नव्या असताना त्यांनी भरल्या दालनात एका तरुणाचे नाव तपासणीच्या नावासकट पुकारले होते. तो उठला आणि सरळ बाहेर पडला, तो पुन्हा आलाच नाही. त्याचे पुढे काय झाले असेल, ही रुखरुख तीस वर्षे बाईंच्या जिवाला लागून होती. आज नोकरीचा शेवटचा दिवस. वरच्या मजल्यावर निरोपाचा चहा गार होत होता. पण ही एक पोर आत यायलाच हवी होती.

ती आली. खुर्चीच्या अगदी टोकावर टेकली.

"घरी कळलं तर आई जीव घेईल. आणि तुम्हीपण मनात म्हणत असाल, काय मुलगी आहे."

"मी मनात म्हणतेय, हिची शीर एकदाची सापडू दे. मूठ आवळ बघू."

मुलीला हसू फुटले आणि त्यामागोमाग रडू. बाईंनी दोन्ही होऊ दिले.

अर्ध्या तासाने निकाल आला. "संसर्ग निघालाय. पण वेळेत आलीस, औषधाने पूर्ण बरा होतो. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलंय, आत्ताच देते. तुझा जो कोण असेल, त्यालाही घेऊन ये."

"त्यालापण दातच दुखतो म्हणून सांगू?"

"सांग. उद्यापासून माझ्या जागी नव्या सिस्टर असतील, त्यांना ठाऊक आहे."

निघताना तिने बाईंचे दोन्ही हात धरले. "मावशी, तुम्ही काही खोदून विचारलं नाहीत, म्हणून मी थांबले. नाहीतर आजही पळाले असते."

"तू थांबलीस, हे माझ्यावरच उपकार झाले, बाळ," बाई म्हणाल्या.

दालनातल्या माणसांसाठी मुलीने गालावर हात ठेवला आणि चालू लागली. दारापर्यंत गेली, थांबली, हात खाली घेऊन परत आली. बाईंच्या कानाशी वाकून तिने आपले पूर्ण नाव सांगितले.

बाईंनी ते ऐकले. कुठेच लिहिले नाही.