नाव न लिहिलेला फॉर्म

त्या वर्षी सायलीला नवा नवा कंठ फुटला होता म्हणा ना! नववीपर्यंत शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारी ही मुलगी. गॅदरिंगला कुणीतरी ढकललं म्हणून स्टेजवर गेली, भाजीवालीपासून पीटीच्या सरांपर्यंत सगळ्यांच्या नकला केल्या आणि चक्क पहिलं बक्षीस घेऊन खाली उतरली. तेव्हापासून इंदिरानगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत तिचं तोंड म्हणून मिटत नव्हतं.

तिची आई सविता दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होती. तिथून द्राक्षं परदेशी जायची. हाताखाली चाळीस बाया. मालक एकदा म्हणाले, "मॅनेजर व्हायचंय ना मॅडम? मग तो रविवारचा नेतृत्वाचा कोर्स करून टाका." झालं! अडतिसाव्या वर्षी आई दर रविवारी वही-पेन घेऊन कॉलेज रोडला जाऊ लागली. बाबा चिडवायचे, "आमच्या घरात आता दोघी शाळेत. डबा मीच भरतो, काय!"

फेब्रुवारीत कोर्सच्या सरांनी गृहपाठ दिला. हाताखालच्या दहा जणांनी आपल्याबद्दल काय वाटतं ते फॉर्मवर लिहायचं, खाली नाव घालायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं एखाद्या परक्या माणसानं लिहून घ्यायचं.

"आता परका माणूस कुठून आणू?" आई म्हणाली. "आमचा निवृत्ती क्लार्क बसला तर एक बाई तोंड उघडायची नाही."

"मी आहे ना! मी कुठे तुमच्या कंपनीत आहे?"

आईला ते पटलं. पोटची पोर परकी कशी, हे त्या घाईत दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

शनिवारी अर्धी शाळा करून सायली कंपनीच्या गाडीनं गेली. क्रेटच्या ढिगामागे पोतं अंथरून बसली. एकेक बाई डोक्यावरची जाळी सारखी करत यायची, लाजायची, "चांगल्या हायेत मॅडम" म्हणून उठायची. बोलली ती फक्त शकुबाई. टेबलावरची सगळ्यात जुनी बाई. घडातला खराब मणी कात्रीनं असा उडवायची की शेजारच्या मण्याला खबर नाही.

"नाव नाय ना लिवनार?"

"शप्पथ, मावशी."

"मग लिव्ह. बाई कामाला वाघीन हाय. पन चुकलं की सगळ्यांम्होरं पेटी पालथी करती. माझी सून शेजारी बसती. तिच्याम्होरं माझी काय इज्जत ऱ्हायली? बाजूला घिऊन सांग की बये! मी काय चोरी केली?" बोलताना ती पदराचं टोक दातात धरायची आणि डावा हात असा झटकायची, जणू अंगावरची माशी उडवते आहे.

सायलीनं अक्षर न् अक्षर लिहिलं. नाव लिहिलं नाही.

संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "वाच बघू." सायली वाचू लागली. आठ फॉर्म "चांगल्या आहेत, चांगल्या आहेत" असे सपक निघाले. बाबा जांभई देऊ लागले. नवव्याला मात्र सायलीला राहवलं नाही. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं, डावा हात झटकला आणि "बाजूला घिऊन सांग की बये!" असं काही ठसक्यात म्हटलं, की बाबांना ठसकाच लागला. आईसुद्धा हसली. "अगं, अगदी शकुबाई!" म्हणाली. आणि मग तिचा भाकरी मोडणारा हात थांबला.

तो हात सायलीनं पाहिला. खोटं कशाला बोला, नीट पाहिला. तरी बाबा म्हणाले "पुन्हा कर", तेव्हा तिनं पुन्हा केलं.

पुढच्या शनिवारी ती आईला घ्यायला गेली. टेबलापाशी शकुबाईच्या जागी दुसरीच मुलगी होती. शकुबाई मागे, हौदापाशी, घोटाभर पाण्यात उभी राहून क्रेट घासत होती. साठीच्या बाईचे पाय पाण्यानं पांढरेफटक पडले होते.

"काय गं सायली," टेबलावरून कमळाबाईनं आवाज दिला, "आज कुनाचं लिवून न्यायला आलीस?" कुणी हसलं नाही.

सायली हौदापाशी गेली.

"मावशी, मी नाव सांगितलं नव्हतं हो. मी फक्त..."

"ठावं हाय. तुझ्या आईनंच सांगितलं. पोरीनं तुमची हुबेहूब नक्कल केली, म्हनली." शकुबाईनं ब्रश खाली ठेवला. "कर की हितं. मी कशी दिसते ते मलाबी बघू दे."

सायलीनं हात उचलला, पण तो झटकता येईना. शकुबाई थोडा वेळ वाट पाहत राहिली आणि मग पुन्हा क्रेट घासू लागली.

गाडीत सायली रडतच बोलली. "आई, तू तिला पाण्यात उभं केलंस. मी बोलले म्हणून."

"कामाची अदलाबदल चालूच असते," आई म्हणाली. "आणि तिची नजर आता कमी झालीय."

"अगं, तूच म्हणायचीस, शकुबाईसारखी कात्री कुणाची नाही!"

आईनं तोंड खिडकीकडे वळवलं. सोमवारी मात्र तिनं शकुबाईला टेबलावर परत बसवलं, सगळ्यांसमोर स्टूल स्वतः उचलून आणून. त्यानंतर तिनं कुणाचीही पेटी चारचौघांत पालथी केली नाही. चूक दिसली की खुणेनं बाहेर बोलवायची. सायलीला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

एप्रिलमध्ये हंगाम संपत आला आणि सरांनी तेच फॉर्म पुन्हा भरून मागवले. सुधारणा किती झाली ते बघायला. या वेळी सायली नको म्हणत होती, पण बायांनीच सांगितलं, तीच येऊ दे.

शकुबाई पोत्यावर बसली. पदर नीट खांद्यावर, दोन्ही हात मांडीवर.

"मॅडम चुका कशा सांगतात?"

"लय चांगल्या सांगत्यात."

"काही बदलावंसं वाटतं?"

"काय नाय. समदं चांगलं हाय. लिव्ह."

"मावशी, खरंच सांगा ना. मी कुणाला..."

"चांगलं हाय म्हनलं ना, बाळा? लिव्ह."

दहा प्रश्न, दहाही चांगले. दहा बायांचे दहाही फॉर्म तसेच. कोर्सच्या शेवटच्या रविवारी सरांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, की एवढी सुधारणा दुसऱ्या कुणाचीच नाही. बाबांनी जिलबी आणली. आईनं ते फॉर्म टेबलावर पसरले, वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले, आणि सायलीकडे न बघता म्हणाली, "एकीनंसुद्धा काही सांगितलं नाही?"

सायलीनं मान हलवली. जिलबीचा तुकडा तिच्या हातात होता. तो तिला खाववेना आणि खालीही ठेववेना.